परतीचा प्रवाह कुठून जातो? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एलएम३८६ या आठ पिनांच्या आयसीवरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर दिला होता. ९ व्होल्टची बॅटरी, ८ ओहमचा स्पीकर, १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, १० ओहमचा एक रेझिस्टर आणि मोजके कपॅसिटर, एवढाच पसारा. पीसीबी, म्हणजे पार्ट जोडणारे तांब्याचे ट्रॅक असलेला बोर्ड, घरीच करून पाहा, असं मी सुचवलं होतं. बऱ्याच जणांनी ती केली. कुणाची वाजली, कुणाची ओरडली, कुणाची गप्पच राहिली, ते सगळं तुम्ही सविस्तर कळवलंत, फोटो पाठवलेत. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मी २२ वर्षं मुलांचे बोर्ड तपासले, तरी कुणी आपला पहिला बोर्ड दाखवला की अजूनही हातातलं काम टाकून भिंग घेऊन बसते. पहिला प्रश्न सविस्तर घेते. थोड्याफार फरकाने तोच प्रश्न बऱ्याच पत्रांत आहे.

प्रश्न : सोल्डर न करता नुसते पार्ट खोचायच्या ब्रेडबोर्डवर हे सर्किट छान वाजत होतं. त्याचीच पीसीबी केली, पार्टही तेच काढून लावले. आता चालू करताच स्पीकरमधून भोंग्यासारखा एकसुरी आवाज येतो. व्हॉल्यूम अगदी शून्यावर नेला तरी थांबत नाही. गेन, म्हणजे आयसी इनपुट किती पट करतो ते, २०० ठेवला आहे. दोनदा आयसी बदलला. सोबत बोर्डाच्या तांब्याच्या बाजूचा फोटो आहे.

उत्तर : आयसी बदलणं थांबवा, त्याचा काही दोष नाही. तुमच्या पत्रातली फार मोलाची ओळ म्हणजे व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज थांबत नाही, ही. व्हॉल्यूम शून्यावर असतो तेव्हा आयसीची ३ नंबरची पिन, म्हणजे इनपुट, व्हॉल्यूम कंट्रोलमधून थेट ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला टेकलेली असते. इनपुटला जोडलेल्या मोबाइलकडून आत यायला वाटच उरत नाही. तरीही भोंगा वाजतोय, याचा अर्थ जे काही आत शिरतंय ते ग्राउंडमधूनच शिरतंय.

फोटो मोठा करून पाहिला. सोल्डरिंग स्वच्छ आहे, सांधे चकचकीत आहेत. ग्राउंडचा ट्रॅक मात्र असा धावतो : डाव्या कडेला बॅटरीची निगेटिव्ह वायर, तिथून आयसीच्या २ आणि ४ नंबरच्या पिना, मग बोर्डाच्या खालच्या कडेने लांब वळसा घेऊन व्हॉल्यूम कंट्रोल, आणि शेवटी उजव्या टोकाला स्पीकरची काळी वायर. आकृतीशी ताडून पाहिलं तर एकही जोडणी चुकलेली नाही. पण आकृतीत ग्राउंडच्या चिन्हाला ना लांबी असते ना रुंदी. तांब्याच्या ट्रॅकला दोन्ही असतात.

आता थोडा हिशेब करू. नेहमीच्या पीसीबीवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. त्या थराच्या कुठल्याही चौरसाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम भरतो. चौरस लहान असो की मोठा, फरक पडत नाही. तुमचा ट्रॅक १ मिलिमीटर रुंद आहे, आणि आयसीपासून व्हॉल्यूमच्या ग्राउंडपर्यंतचा वळसा फोटोवरून जवळपास ८ सेंटिमीटरचा दिसतो. म्हणजे एकापुढे एक मांडलेले ८० चौरस. रोध झाला ४० मिलिओहम, म्हणजे ०.०४ ओहम. साध्या मल्टिमीटरने तो धड मोजताही येणार नाही, कारण त्याच्या वायरींचाच रोध याहून जास्त असतो.

स्पीकर ८ ओहमचा आहे. स्पीकरमधून जाणारा सगळा प्रवाह परतताना याच वळशातून जातो, त्याला दुसरी वाटच तुम्ही ठेवलेली नाही. प्रवाह एकच, मग व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जाणार. ०.०४ भागिले ८, म्हणजे स्पीकरवर जेवढं व्होल्टेज आहे त्याचा बरोबर दोनशेवा हिस्सा त्या ट्रॅकवर उभा राहतो. व्हॉल्यूम कंट्रोलचा ग्राउंड त्याच ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला बांधलेला आहे. त्यामुळे तो दोनशेवा हिस्सा आयसीच्या इनपुटवर येतो, आणि आयसी त्याला दोनशे पट करून पुन्हा स्पीकरला देतो. जेवढं होतं तेवढंच परत आलं. वरून दिशाही अशी जुळली आहे की आलेलं आधीच्यात मिळतं, त्याला खोडत नाही. एकदा सुरू झालेला आवाज मग स्वतःच्याच जोरावर चालू राहतो. आणि १ मिलिमीटरचा ट्रॅक एचिंगमध्ये, म्हणजे नको असलेलं तांबं द्रावणात विरघळवताना, कडेने थोडा जरी खाल्ला गेला असेल, तरी रोध आणखी वाढतो.

ब्रेडबोर्डवर तुम्ही स्पीकरची काळी वायर बहुतेक बॅटरीच्या वायरीशेजारीच खोचली असणार. तिथे स्पीकरचा प्रवाह इनपुटच्या वाटेला गेलाच नाही, म्हणून तो बोर्ड शांत होता.

खात्री करायची असेल तर १ आणि ८ नंबरच्या पिनांमधला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढा. गेन २०० वरून २० वर येईल आणि भोंगा बंद पडेल, कारण आता दोनशेवा हिस्सा परत येऊन फक्त वीस पट होतो. मोबाइलवरची गाणी ऐकायला गेन २० पुरेसा असतो. पण गेन कमी करून विषय मिटवू नका. ट्रॅकवरचा चोरटा हिस्सा तरीही असतोच, फक्त ओरडत नाही. आवाजात तो थोडा मिसळत राहतो.

खरा इलाज दोन मिनिटांचा आहे. स्पीकरची काळी वायर तिच्या पॅडवरून, म्हणजे जिथे ती सोल्डर केली आहे त्या तांब्याच्या ठिपक्यावरून, उचला. बॅटरीला समांतर लावलेला जो मोठा कपॅसिटर आहे, २२० किंवा ४७० मायक्रोफॅरडचा, त्याच्या निगेटिव्ह पायाला ती थेट सोल्डर करा. नवी पीसीबी करायची गरज नाही.

हा इलाज मी कसा शिकले तेही सांगते. प्रयोगशाळेत नुकती लागले होते, आणि माझा स्वतःचा पहिला बोर्ड असाच ओरडत होता. सलग दोन दिवस मी एकेक पार्ट बदलत होते. तिसऱ्या दिवशी आमचे वरिष्ठ सहायक शेजारी येऊन बसले. त्यांनी सोल्डरिंग आयर्नला हातही लावला नाही. जाड तांब्याच्या तारेचा एक वीतभर तुकडा घेतला, त्याचं एक टोक स्पीकरच्या निगेटिव्ह टर्मिनलवर दाबलं आणि दुसरं कपॅसिटरच्या पायावर टेकवलं. खोलीत एकदम शांतता. तार उचलली, भोंगा सुरू. टेकवली, बंद. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं, काही न बोलता, माझ्या तोंडाकडे बघत. मग तार माझ्या हातात दिली. तुम्हीही वायर उचलण्याआधी तारेचा असा तुकडा टेकवून पाहा. तो आवाज बंद होताना कानांनी ऐकला की ग्राउंडचा ट्रॅक तुम्ही पुन्हा कधीच सहज म्हणून काढणार नाही.

पुढचा बोर्ड काढताना ग्राउंड सगळ्यात आधी काढा, आयसीच्याही आधी. मोठ्या कपॅसिटरचा निगेटिव्ह पाय हे सगळ्यांचं भेटीचं ठिकाण धरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर तिथे, स्पीकरची तिथे, ४ नंबरची पिन आखूड आणि रुंद ट्रॅकने तिथे. व्हॉल्यूम कंट्रोल, इनपुटच्या जॅकचा ग्राउंड आणि २ नंबरची पिन हे तिघं आधी आपसात जोडायचे, आणि मग एकाच वेगळ्या ट्रॅकने त्या ठिकाणी आणायचे. त्या ट्रॅकमधून स्पीकरचा प्रवाह जाताच कामा नये. मी कागदावर दोन रंगांच्या पेन्सिली वापरते. स्पीकरचा आणि बॅटरीचा जाडा प्रवाह लाल, इनपुटचा बारीक प्रवाह निळा. लाल आणि निळी रेघ एका ट्रॅकवरून धावताना दिसली की खोडरबर घ्यायचा.

दुसरं, ट्रॅक बारीक ठेवायचा हट्ट कशाला? विरघळून जाणारं तांबं तुम्ही विकत घेतलेलंच आहे. ते बोर्डावर राहू द्या. तोच ८ सेंटिमीटरचा रस्ता २ सेंटिमीटर रुंद ठेवला तर ८० ऐवजी फक्त ४ चौरस होतात, रोध विसाव्या हिश्शावर येतो आणि तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइडही कमी लागतं. तरीसुद्धा लाल-निळ्याचा नियम सोडू नका. रुंद तांबं चूक पुसत नाही, फक्त लहान करतं.

तुमच्या फोटोत आणखी एक गोष्ट राहिलेली दिसली. ५ नंबरच्या पिनवरून ग्राउंडला जाणारी १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी तुम्ही गाळली आहे. ती गाळली तरी गाणं वाजतं, म्हणून अनेक जण गाळतात. तिला झोबेल नेटवर्क म्हणतात, बेल लॅब्जमधल्या ओटो झोबेल यांच्या नावावरून. कानाला ऐकू न येणाऱ्या फार वरच्या कंपनसंख्येवर स्पीकरचं कॉइल आयसीपुढे वेगळंच वागतं आणि आयसी तिथे गुपचूप डोलायला लागतो. आपल्याला फक्त किंचित खरखर जाणवते आणि आयसी विनाकारण गरम लागतो. ती जोडी आयसीला चिकटून लावा. ६ आणि ४ नंबरच्या पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटरही तसाच जवळ लावा.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. कॉम्प्युटरवर लेआउट काढून, लेझर प्रिंट घेऊन, इस्त्रीने तांब्यावर उतरवला. प्रिंट घेताना कुणीतरी सांगितलं म्हणून ‘मिरर’ केलं. बोर्ड सुंदर झाला, पण आयसी लावायला गेलो तर पिना उलट्या! १ नंबरच्या जागी ८ नंबर येतो. सगळी मेहनत वाया गेली का?

उत्तर : वाया काही गेलेलं नाही. फोटोतले ट्रॅक बघून मला आनंद झाला, इतक्या स्वच्छ कडा पहिल्या बोर्डावर सहसा दिसत नाहीत.

आधी गोंधळ कुठे झाला ते बघ. लेआउटच्या प्रोग्रॅममध्ये खालच्या बाजूचं तांबं आपल्याला वरून, बोर्ड काचेचा असावा तसं आरपार दिसतं. म्हणजे स्क्रीनवर ते आधीच उलटं असतं. कागद तांब्यावर पालथा घालून इस्त्री फिरवलीस की ते एकदा सुलट होतं. बस, एवढंच हवं असतं. मधे तू ‘मिरर’ दाबलंस आणि एक उलट जास्तीची झाली. हातात ट्रेसिंग पेपर धरून पाहिलास तर लगेच उमजेल.

यावर मी मुलांना एक खूण सांगायची. खालच्या थरावर कोपऱ्यात ‘क’ हे अक्षर असं लिही की स्क्रीनवर आणि कागदावर ते आरशातल्यासारखं उलटं दिसेल. इस्त्रीनंतर तांब्यावर ते सरळ वाचता आलं पाहिजे. एचिंगच्या आधी हे अक्षर वाचायचं. उलटं दिसलं तर टोनर पुसून पुन्हा उतरवता येतो, तांबं अजून जागेवरच असतं.

आता या बोर्डाचं काय करायचं? आयसी तांब्याच्या बाजूने बसव. बोर्ड उलटा धरलास की पिनांचा क्रम आपोआप बरोबर होतो, कागदावर आयसी ठेवून ताडून बघ. अडचण एवढीच की आयसीचा बेस, म्हणजे सॉकेट, पॅडना झाकतो आणि आयर्नचं टोक आत जात नाही. म्हणून बेस बोर्डाला टेकवू नकोस, दोनेक मिलिमीटर वर उचललेला ठेव आणि बारीक टोकाने बाजूने सोल्डर कर. रेझिस्टर आणि साधे कपॅसिटर नेहमीच्या बाजूने लावलेस तरी चालतात, त्यांना दोनच पाय. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावताना मात्र प्लस-मायनस आकृतीवरून नव्हे, ट्रॅक बोटाने माग काढत ठरव. व्हॉल्यूम कंट्रोलचे तीन पाय उलटे आले तर फिरवण्याची दिशा उलटी होईल, म्हणून तो वायरींनी जोड.

प्रश्न : टोनर नीट उतरत नाही, जागोजागी तुटतो. एचिंगला तासाहून जास्त वेळ लागला आणि तेवढ्यात बारीक ट्रॅकही खाल्ले गेले. शिवाय उरलेलं फेरिक क्लोराइड सिंकमध्ये ओतलं तर चालतं का?

उत्तर : शेवटच्याचं आधी सांगते. अजिबात ओतू नका. त्यात आता तुमच्या बोर्डाचं तांबं विरघळलेलं आहे. ते पाण्यातल्या जिवांना घातक असतं, आणि सिंकचं स्टील आणि तांब्या-पितळेचे नळ तर ते द्रावण खातंच. पण ते टाकायची घाईही करू नका. प्लास्टिकच्या बाटलीत भरून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. कितीतरी बोर्ड त्यातच होतात. तपकिरी रंग जाऊन ते काळपट हिरवं झालं आणि काम अगदीच मंदावलं की मग धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जायचं. फसफसेल, म्हणून मोठं भांडं घ्या. फेस थांबेपर्यंत टाकलं की तांबं आणि लोखंड गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ वेगळा काढून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.

टोनर तुटतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा इस्त्री नसते, तांबं असतं. हाताला नेहमी थोडं तेल असतं आणि तांब्यावर बोट लागलं की तिथे टोनर धरत नाही. बारीक घासणीने तांबं गुलाबी दिसेपर्यंत घासा, साबणाने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि नंतर फक्त कडांना धरा. कागद गुळगुळीत, चकचकीत हवा. प्रिंट लेझरचीच हवी, कारण लेझरच्या टोनरमध्ये उष्णतेने वितळणारं प्लास्टिक असतं, इंकजेटच्या शाईत ते नसतं. इस्त्रीत पाणी नको, वाफ नको. कागद ओढून काढू नका. कोमट पाण्यात भिजवा आणि अंगठ्याने चोळत चोळत त्याचा लगदा करून काढा. इथे घाई केलीत की ट्रॅक उचलले जातात.

तासभर लागला, कारण द्रावण थंड होतं आणि बोर्ड त्यात नुसता पडून होता. फेरिक क्लोराइडची प्लास्टिकची पेटी गरम पाण्याच्या टबात ठेवा, द्रावण ४०-४५ अंशांवर आलं की पुरे. पेटी सतत हलक्या हाताने डोलवत राहा. तांब्याला लागून असलेलं द्रावण खर्ची पडतं, डोलवल्याने तिथे ताजं येतं. बोर्ड लवकर निघाला की कडेने खाण्याला वेळच मिळत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी उचलून बघा. पावडर मिळाली असेल तर पावडर पाण्यात घाला, पावडरवर पाणी ओतू नका, कारण ती विरघळताना बरीच तापते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय सुरुवात करू नका. कपड्यावरचा त्याचा डाग जात नाही, आणि डोळ्यात थेंब गेला तर नुसत्या डागावर भागत नाही.

प्रश्न : बॅटरी लवकर उतरते म्हणून घरातला जुना, जड, ‘१२ व्होल्ट’ लिहिलेला अ‍ॅडॅप्टर जोडला. क्षणभर मोठी घूंऽऽ आली आणि आयसीला चीर पडली. तुमच्या लेखात १२ व्होल्टपर्यंत चालतं असं होतं.

उत्तर : तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं. हे मी लेखातच लिहायला हवं होतं.

जड अ‍ॅडॅप्टर म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर, पुढे काही नियंत्रण नाही. आतला ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्ट एसीचा असेल तर कपॅसिटर त्याच्या शिखरापर्यंत भरतो. १२ गुणिले १.४१ म्हणजे जवळपास १७, त्यातून डायोडचे सुमारे दीड व्होल्ट वजा. आणि लिहिलेला आकडा पूर्ण भारावरचा असतो. आपला आयसी शांत असताना फक्त ४ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे व्होल्टेज आणखी वर चढून बसतं. एलएम३८६ च्या नेहमीच्या प्रकाराची सहन करायची शेवटची हद्द १५ व्होल्टची आहे. मल्टिमीटर लावून रिकामा अ‍ॅडॅप्टर मोजा, आकडा बघून तुम्हालाच उलगडा होईल.

अ‍ॅडॅप्टर फेकू नका. मधे ७८०९ हा ठरावीक ९ व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर लावा. छापलेली बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही त्याच्या पायांशी. त्याला मागे उष्णता घालवणारं लहानसं हीटसिंक द्या. ती घूंऽऽसुद्धा यानेच जाईल. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर डायोडनंतर १०० हर्ट्झची लहर उरते, आणि रेग्युलेटर ती दाबतो. शिवाय ७ नंबरच्या पिनवरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावा, ती पिन याचसाठी दिलेली आहे.

दुसऱ्या एका पत्रात असं आहे की लॅपटॉपवरून गाणं लावलं की गुणगुण येते आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते, तर चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन कापू का? नका कापू. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. दोन उपकरणं दोन वाटांनी एकमेकांच्या ग्राउंडला जोडली गेली आहेत आणि त्या कड्यातून मेन्सचा बारीक प्रवाह फिरतोय. ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा दोघांच्या मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

प्रश्न : मोबाइलचे लेफ्ट आणि राइट दोन्ही एकत्र पिळून इनपुटला दिले तर चालेल का? स्पीकर एकच आहे.

उत्तर : पिळू नका. दोन्ही बाजूंचे अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांवर जोर लावत बसतात. प्रत्येक वायरीत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घाला आणि रेझिस्टरच्या पुढे जोडा.

प्रश्न : मोठा, चांगला स्पीकर लावूनही बास येत नाही. आयसीच कमी ताकदीचा आहे का?

उत्तर : स्पीकर टेबलावर उघडाच ठेवला आहे ना? कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांना पुढून मागे वळायला सहज वेळ मिळतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पुठ्ठ्याच्या बळकट खोक्याला स्पीकरच्या मापाचं गोल भोक पाडा, स्पीकर आतून घट्ट बसवा, खोकं बंद करा. मग ऐका.

बोर्डावर बघायचं तर स्पीकरच्या आधीचा कपॅसिटर. २२० मायक्रोफॅरड आणि ८ ओहम मिळून साधारण ९० हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो. १००० मायक्रोफॅरड लावलात तर ती हद्द २० हर्ट्झवर जाते. त्याचा प्लस ५ नंबरच्या पिनकडे. आधी खोकं करा, कपॅसिटर नंतर.

प्रश्न : वय ६८. नोकरीत असताना कधी आयर्न हातात धरलं नाही, आता नातीसाठी हे करून बघायचं आहे. हात थोडा थरथरतो. सोल्डरचे गोळे होतात, पार्ट हलतात. आणि पहिल्यांदा बॅटरी लावताना काही जळेल अशी धास्ती वाटते. जमेल का?

उत्तर : जमेल. प्रयोगशाळेत हात थरथरणारी मुलंही असायची, विशेषतः परीक्षेच्या दिवशी. त्यांच्यासाठी जे करायचो तेच सांगते.

हात हवेत ठेवू नका. दोन्ही मनगटं टेबलावर टेकलेली हवीत, त्यासाठी बोर्ड थोडा उंचावर धरून ठेवणारा चिमटा किंवा लहान शिकंजा घ्या. सोल्डर वायर बोटांत नुसती धरली की तिचं टोक फार हलतं. रिकाम्या बॉलपेनची नळी घ्या, रिफिल काढून त्यातून वायर ओवा, आणि पेनसारखी धरा. तुमचा हात पेनला सरावलेला आहे, फरक लगेच कळेल. पार्टचे पाय भोकातून काढल्यावर किंचित बाहेर वाकवा, मग ते पडत नाहीत. आणि हा पहिला बोर्ड एचिंगने करू नका, भोकं पाडून मिळणाऱ्या झिरो पीसीबीवर करा.

गोळे होतात, कारण वायर आयर्नच्या टोकावर वितळवून तुम्ही तो थेंब सांध्यावर नेता. नेईपर्यंत वायरीच्या आतला रोझिन, म्हणजे सोल्डर पसरायला मदत करणारी राळ, जळून जातो आणि थेंब नुसता वर बसतो. तसं नाही. आयर्नचं टोक पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकवा, मनात एक-दोन म्हणा, मग वायर आयर्नला नव्हे तर तापलेल्या सांध्याला लावा. ती स्वतःच पसरते, पायाभोवती चढून ज्वालामुखीच्या उतारासारखा आकार घेते. आधी वायर काढा, मग आयर्न. आणि दोन क्षण काहीही हलवू नका. ६०/४० ची वायर, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं, १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान धड घट्ट नसते, धड पातळ नसते. त्या वेळी पाय हलला की सांधा भुरकट होतो आणि पुढे कधीतरी दगा देतो. त्याऐवजी ६३/३७ ची वायर मिळाली तर तीच घ्या. ती १८३ अंशांना एकदम गोठते, मधली अवस्थाच नसते. थरथरणाऱ्या हाताला ही वायर खरोखर सोपी जाते. धूर रोझिनचा असतो, तो डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो, खिडकीपाशी बसा. वायरीत शिसं आहे, म्हणून उठल्यावर हात साबणाने धुवा. नातीलाही धुवायला लावा.

आता धास्तीचं. बॅटरी थेट लावूच नका. आयसी बेसमध्ये बसवा, १ नंबरची पिन खाचेकडे आहे ना बघा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची मायनसची पट्टी एकेक करून तपासा. स्पीकर अजून जोडू नका. बॅटरीच्या प्लस वायरीत १०० ओहमचा एक रेझिस्टर घाला आणि मल्टिमीटर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना, डीसी व्होल्टवर लावून ठेवा. मग बॅटरी जोडा. मोठे कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर आकडा उसळेल आणि खाली येईल. ०.४ व्होल्टच्या आसपास स्थिरावला तर सर्किट ४ मिलिअँपिअर घेतंय, अगदी बरोबर. चार-पाच व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसत राहिले तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा काही उलटं बसलंय. बॅटरी काढा आणि निवांत शोधा, मधल्या १०० ओहमने प्रवाहाला आवर घातलेला असतो. आकडा बरोबर असेल तर मीटरची काळी वायर ग्राउंडला आणि लाल ५ नंबरच्या पिनला लावा. ६ नंबरच्या पिनवर जेवढे व्होल्ट आहेत त्याच्या साधारण निम्मे तिथे दिसले पाहिजेत.

तेवढं दिसलं की बॅटरी सोडवा, १०० ओहम काढा, स्पीकर जोडा, काळी वायर मोठ्या कपॅसिटरच्या मायनस पायाला. पुन्हा बॅटरी लावली की स्पीकरमधून ‘टप्’ असा हलका आवाज येईल. व्हॉल्यूम वाढवून नातीला इनपुटच्या वायरीच्या टोकाला बोट लावायला सांगा. बारीक गुणगुण ऐकू येते, बोट उचललं की जाते. काय ऐकू आलं ते तिला स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवू द्या.